तांबड्या मातीतली शर्यत : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात अमेरिकेतल्या जुन्या स्टॉक कार शर्यतींवर, म्हणजे आज ‘नॅसकार’ या नावाने चालणाऱ्या खेळाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांवर, एक टिपण होतं. त्यावर पत्रं आली ती बहुतेक एकाच सुराची: शर्यत कोण जिंकलं ते राहू द्या, त्या गाड्या आतून कशा होत्या ते सांगा. निवडक प्रश्न घेतले आहेत. एकाच विषयाची दोन-तीन पत्रं होती तिथे एकच उत्तर दिलं आहे.

प्रश्न (पुणे) : ‘स्टॉक कार’ म्हणजे शोरूममधून आणली तशीच गाडी, असं तुम्ही लिहिलंत. खरंच तशीच पळवायचे? की ते नुसतं नावापुरतं?

१९४९ साली तरी जवळजवळ तशीच. १४ डिसेंबर १९४७ ला फ्लोरिडात डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलच्या गच्चीवरच्या बारमध्ये बिल फ्रान्स याने चालक, मिस्त्री आणि ट्रॅकमालक जमवले आणि नॅसकारची बोलणी सुरू झाली. नाव सुचवलं ते रेड व्होग्ट या अटलांटाच्या मिस्त्रीने. १९४८ च्या पहिल्या मोसमात मात्र पळाल्या त्या जुन्या, फेरफार केलेल्या फोर्ड. कारण साधं होतं: युद्ध नुकतंच संपलेलं, नव्या गाडीसाठी लोक नंबर लावून बसलेले, तिथे कोरी गाडी मातीत लोळवणार कोण?

कोऱ्या गाड्यांची पहिली शर्यत १९ जून १९४९ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट स्पीडवेवर झाली. पाऊण मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या, म्हणजे १५० मैल किंवा साधारण २४१ किलोमीटर. गाड्या ३३. गाडीला बंपर, बॉनेट, सीट सगळं जागेवर हवं. हेडलाइटची काच फुटून ट्रॅकवर पडू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी मारायची. दार उघडू नये म्हणून ते कातडी पट्ट्याने नाहीतर दोरीने आवळायचं.

एकच मोठी सूट होती, आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. उजव्या पुढच्या चाकाला आतून पोलादी चकती लावून ते मजबूत करायला परवानगी होती. का? शर्यत सगळी डावीकडे वळण्याची. प्रत्येक वळणावर गाडीचा भार उजवीकडे आणि पुढे येतो, म्हणजे नेमका त्याच एका चाकावर. त्या काळचं चाक म्हणजे दाबून घडवलेला पत्रा. शंभरेक वळणांनंतर नटांच्या भोकांभोवती त्या पत्र्याला चिरा जायच्या, भोकं लांबट व्हायची आणि शेवटी नट जागच्या जागी राहून चाक त्यांतून उपटून निघायचं. चाक निसटलं की गाडी उलटलीच म्हणा. चाकाच्या नटांचं हे दुखणं ट्रकवाल्यांना नवं नाही. नट ढिला ठेवून गाडी चालवली की भोक असंच खाल्लं जातं.

त्या दिवशी पहिला आला ग्लेन डनवे, १९४७ च्या फोर्डमध्ये, तीन फेऱ्यांच्या आघाडीने. तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत छेडछाड करून त्या ताठ केलेल्या सापडल्या आणि तो बाद झाला. पहिला क्रमांक कॅन्ससच्या जिम रोपरला, त्याच्या लिंकनला मिळाला. डनवेच्या गाडीचा मालक ह्यूबर्ट वेस्टमोरलँड कोर्टात गेला. कोर्टाने दावा फेटाळला. नियम मोडणाऱ्याला बाद करण्याचा हक्क संघटनेला आहे हे तेव्हापासून पक्कं झालं. त्या पाट्या तशा का केल्या होत्या, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न (कोल्हापूर) : माझं गॅरेज आहे. चोरटी दारू वाहणाऱ्यांच्या गाड्यांतून हा खेळ निघाला असं म्हणतात. नेमके काय बदल करायचे ते गाडीत? आणि फोर्डच का?

आधी धंदा समजून घेऊ. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली, पण जॉर्जिया, कॅरोलायना, टेनेसी, व्हर्जिनियाच्या डोंगरांतली हातभट्टी थांबली नाही. एक तर तिकडचे कितीतरी तालुके पुढेही कोरडेच राहिले. दुसरं, कायदेशीर दारूवर केंद्राचा कर जबर. १९५१ पर्यंत तो गॅलनला १०.५० डॉलरवर गेला होता. मका आणि साखर यांच्यावर गाळलेल्या कर चुकवलेल्या मालाला त्यामुळे शहरात गिऱ्हाईक कायम. जॉर्जियातल्या डॉसनव्हिलहून अटलांटाला रात्रीतून माल पोचवायचा आणि उजाडायच्या आत घरी परतायचं. (१९४९ मध्येच आपल्याकडे मुंबई दारूबंदी कायदा आला आणि आपल्याकडेही हातभट्ट्यांनी कोणकोणत्या वाटा काढल्या ते जुन्या माणसांना आठवत असेल.)

माल किती? अर्ध्या गॅलनच्या काचेच्या बरण्या, एका खोक्यात १२, म्हणजे खोक्याला ६ गॅलन. २० खोकी भरली तर १२० गॅलन, साधारण ४५० लिटर. काचेसकट वजन अर्ध्या टनाच्या बरंच वर जातं. हे सगळं दोन दारांच्या कूप गाडीत. मागची सीट काढलेली, पुढची उजवीकडचीही बऱ्याचदा काढलेली.

आता बदल. पहिला मागच्या पाट्यांत. १९४८ पर्यंतच्या फोर्डला पुढे एक आणि मागे एक अशी आडवी पाट्यांची स्प्रिंग असायची, आपल्या जीपसारखी उभी जोडी नव्हे. त्यात जादा पाटे घालायचे, किंवा स्प्रिंग ताणून ताठ करायची. माल भरल्यावर गाडी सपाट दिसली पाहिजे, शेपूट टेकवून चाललेली गाडी पोलिसाला मैलावरून कळते. पण याचा उलटा घोटाळा असा की गाडी रिकामी असताना मागून उचललेली दिसायची, आणि अबकारी खात्याचे लोक तेच हेरायला शिकले. डनवेची गाडी बाद झाली ती याच युक्तीपायी. ट्रॅकवर ताठ पाट्यांनी गाडी वळणात कमी झुकते, म्हणून फायदा.

दुसरा बदल इंजिनात. फोर्डने १९३२ मध्ये स्वस्त गाडीत व्ही-८, म्हणजे इंग्रजी V सारखे चार-चार मांडलेले आठ सिलिंडर, बसवलं: २२१ घनइंच, आपल्या हिशेबात ३.६ लिटर. सुरुवातीला ६५ अश्वशक्ती, पुढे ८५. व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या बाजूला, म्हणून हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण. ते काढून खरडलं की कॉम्प्रेशन वाढतं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ १/१६ इंच, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ३ ३/४ इंच. १९३९ चं फोर्डच्याच मर्क्युरी गाडीचं इंजिन त्याच घडणीचं, पण बोअर ३ ३/१६, म्हणजे २३९ घनइंच, ९५ अश्वशक्ती. ते फोर्डमध्ये बसतं. १९४९ नंतर मर्क्युरीचा ४ इंच स्ट्रोकचा क्रँक मिळू लागला. तो घालून बोअर ३ ५/१६ केला की २७६ घनइंच झाले, साडेचार लिटर. वर दोन-तीन कार्बोरेटर. सुटे भाग गावोगाव, भंगारात ब्लॉक मिळे, आणि चोरटा माल पकडला जाऊन गाडी जप्त झाली तरी दुसरी उभी करणं परवडायचं. फोर्ड का, याचं उत्तर हेच. १९४९ नंतर कॅडिलॅकचं नवं व्ही-८ इंजिन जुन्या फोर्डच्या बॉनेटखाली कोंबणारेही निघाले.

या इंजिनाचा दोष मिस्त्रीला लगेच पटेल. सायलेन्सरकडे जाणारा धूर ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या वाटेला चिकटून बाहेर पडतो. बाजूला सिलिंडर चार, पण धुराची तोंडं तीनच, कारण मधल्या दोघांचं एक. त्यामुळे ब्लॉकचा मधला भाग तापतो, पाणी उकळतं. पाण्याचे पंप दोन असूनही भागत नाही. वारंवार तापून व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत बारीक चीर जाते. जुना ब्लॉक घेताना आजही सगळ्यात आधी तीच पाहतात. दुसरा दोष: १९४८ पर्यंत डिस्ट्रिब्यूटर पुढे, पंख्यामागे, अगदी खाली. ओढ्यातून गाडी घातली की करंट गेला.

बाकीचं किरकोळ पण चलाखीचं. मागचा दिवा आणि ब्रेकचा दिवा वेगळ्या बटणावर, म्हणजे अंधारात पाठलाग करणाऱ्याला गाडी कुठे ब्रेक मारते ते कळत नाही. रेडिएटरपुढे पोलादी पत्रा, गोळीपासून बचाव म्हणून. फोर्डला हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये आले, त्याच्या आधीची गाडी या धंद्यात कोणी आवडीने घेत नसे.

ही कला ट्रॅकवर कशी आली याचं उत्तम उदाहरण रेमंड पार्क्स. डॉसनव्हिलकडचा हा माणूस अटलांटात धंदा करून पैसेवाला झाला. रेड व्होग्टकडून गाड्या बांधून घ्यायचा आणि आपल्याच नात्यातल्या लॉइड सी आणि रॉय हॉल यांना शर्यतीत बसवायचा. रात्री तेच दोघं माल वाहायचे. १९४१ च्या सप्टेंबरात सीने अटलांटाच्या लेकवुडची शर्यत जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी साखरेच्या उधारीच्या भांडणात चुलतभावाने त्याला गोळी घातली. डॉसनव्हिलला त्याच्या थडग्याच्या दगडावर फोर्ड कूप कोरलेली आहे आणि तिच्या खिडकीत त्याचा फोटो बसवलेला आहे.

प्रश्न (ठाणे) : जुन्या फोटोत गाडी डावीकडे वळते आहे आणि पुढची चाकं मात्र उजवीकडे. फोटो उलटा छापला का?

नाही, तो बरोबर आहे. मातीवर पुढच्या चाकांच्या पकडीवर भरवसा ठेवून वळण घेतलं तर गाडी सरळ कठड्यात जाते. म्हणून वळण यायच्या बऱ्याच आधी चालक पाय उचलतो, स्टेअरिंग डावीकडे झटकतो, मागची बाजू उजवीकडे घसरू लागली की लगेच पाय पुन्हा दाबतो आणि स्टेअरिंग उजवीकडे फिरवून घसरण धरून ठेवतो. आता गाडीचं तोंड वळणाच्या आत आहे, मागची चाकं तिला रेटतायत आणि पुढची चाकं फक्त तोल सांभाळतायत. ब्रेकची गरज फारशी पडत नाही, आणि ड्रम ब्रेक तापून गळपटण्याच्या त्या काळात हे फार मोलाचं. चूक बहुधा एकच होते: घाबरून अर्ध्या वळणात पाय उचलणं. मागच्या चाकांना एकदम पकड मिळते आणि गाडी उजवीकडे, बाहेर फेकली जाते. कर्टिस टर्नर या बाबतीत उस्ताद मानला जाई.

प्रश्न (नाशिक) : मी १:२५ मापाच्या गाड्या जोडतो. १९३९-४० ची फोर्ड कूप १९४८ च्या शर्यतीतली म्हणून करायची आहे. कशाकडे लक्ष द्यावं?

आधी मापं. खऱ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ११२ इंच, म्हणजे १:२५ ला ११३.८ मिलिमीटर. किटमध्ये हे दोन मिलिमीटरहून जास्त चुकत असेल तर मागचा सांधा आधीच सरकवा, बॉडी चिकटल्यावर ते होत नाही. टायर ६.००-१६, उंच आणि अरुंद. बाहेरचा व्यास साधारण २८ मिलिमीटर ठेवा. किटमध्ये येणारे रुंद, गुळगुळीत टायर लावले की मॉडेल वीस वर्षं पुढचं दिसतं. दहातल्या आठ मॉडेलांत आम्ही हीच चूक पाहतो.

पुढचे-मागचे बंपर काढा, हेडलाइट काढून भोक पत्र्याने बुजवा. काचा फक्त पुढची ठेवा. आत आडव्या-उभ्या नळ्यांचा पिंजरा नको, तो पुढच्या काळातला. चालकाच्या मागे एखादी कमान फार तर, नाहीतर तीही नको. सीट गाडीचीच, पट्टा युद्धातून उरलेल्या विमानांचा, कापडी आणि रुंद. दारावर कातडी पट्टा. जाहिराती जवळपास नाहीत. दारावरचा आकडा ब्रशने रंगवलेला हवा, कडा थोड्या थरथरलेल्या. तयार स्टिकर लावला तर छपाईची सफाई डोळ्यात भरते.

चालक म्हणून रेड बायरन निवडत असाल (१९४८ चा पहिला विजेता, पार्क्सची २२ नंबरची गाडी) तर एक बारकावा विसरू नका. युद्धात बॉम्बर विमानात त्याचा डावा पाय जायबंदी झाला होता. पायाला लावलेला लोखंडी आधार त्याने क्लचच्या पेडलला जोडून घेतला होता. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेचा छोटा कंस क्लचवर बसवा. बघणाऱ्याला दिसणार नाही, पण तुम्हाला माहीत असेल.

मातीचा रंग महत्त्वाचा. तिकडची पिडमाँट भागातली माती लोहाची, तांबडी, आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या धुळीशी बरीच जुळणारी. ओली गडद तपकिरी-लाल, वाळली की फिकट नारिंगी. म्हणून दोन थर द्या. आधी गडद रंग पातळ करून मडगार्डच्या आत आणि चाकांमागे, तो पूर्ण वाळल्यावर फिकट भुकटी मॅट वार्निशमध्ये कालवून वरून. एकदम एकच जाड थर दिला तर तो चिखल न वाटता गंज वाटतो. पुढच्या काचेवर हाताने पुसल्यासारखा एक अर्धगोल मोकळा सोडा.

प्रश्न (नागपूर) : १९५०-५५ च्या निकालांत हडसन कंपनीची गाडी सारखी दिसते. सहा सिलिंडरची गाडी व्ही-८ ला कशी मागे टाकायची?

वळणात. सरळ रस्त्यावर ओल्ड्समोबाइलचं नवं ‘रॉकेट’ व्ही-८ (३०३ घनइंच, १३५ अश्वशक्ती) चांगलंच पळायचं आणि १९४९ चा पहिला कोऱ्या गाड्यांचा मुकुट बायरनने त्याच्याच जोरावर जिंकला. पण हडसनची फरशी चौकटीच्या (चासीच्या) वर न ठेवता चौकटीच्या आत खाली बसवलेली होती. गाडीत बसताना माणूस पायरी चढत नसे, उतरत असे. गुरुत्वमध्य खाली आला, गाडी कमी कलली, आणि तो उजवा पुढचा टायर जास्त टिकला. इंजिन सहा सिलिंडर, ३०८ घनइंच, म्हणजे पाच लिटर, व्हॉल्व्ह बाजूला. इंजिनाच्या कमी आरपीएमवर भरपूर जोर. मातीवर त्याचाच उपयोग.

शिवाय कंपनीने एक हुशारी केली. शर्यतीत जे तुटायचं, हब, अ‍ॅक्सल, स्टेअरिंगचे सांधे, त्याचे मजबूत भाग ‘कडक वापरासाठी’ म्हणून सुट्या भागांच्या यादीत घातले. यादीत आहेत म्हणजे ते ‘स्टॉक’! १९५२ मध्ये ३४ पैकी २७ शर्यती हडसनने जिंकल्या. १९५१ आणि १९५३ चा विजेता हर्ब थॉमस, १९५२ चा टिम फ्लॉक. पुढे व्ही-८ फार पुढे गेले आणि १९५५ मध्ये क्रायस्लर ३०० ने, ३०० अश्वशक्ती घेऊन, खेळ संपवला. त्या पथकाचा मालक कार्ल कीखेफर बोटींची इंजिनं बनवायचा. मातीच्या ट्रॅकवर इंजिन धूळ खाऊन मरतं हे ओळखून त्याने तेलात बुडवलेल्या जुन्या फिल्टरऐवजी कागदी फिल्टर वापरले.

प्रश्न (नागपूर, त्याच पत्रात) : टिम फ्लॉकच्या गाडीत माकड होतं ही थाप ना?

थाप नाही. १९५३ मध्ये काही शर्यतींत ‘जॉको फ्लॉको’ नावाचं माकड त्याच्याबरोबर बसायचं. त्या काळी उजव्या पुढच्या टायरची झीज पाहायला फरशीत छोटं झाकण असायचं. साखळी ओढली की ते उघडायचं आणि टायरचा रबर झिजून पांढरे धागे दिसू लागलेत का ते चालकाला कळायचं. धागे दिसले की दोन-तीन फेऱ्यांत टायर फुटणार. एका शर्यतीत माकड सुटलं, त्याने झाकण उघडून डोकं घातलं, चाकाने उडवलेला खडा लागला आणि ते बिथरून फ्लॉकच्या मानेवर बसलं. माकडाला उतरवायला त्याला गाडी थांबवावी लागली. शर्यतीही तिथेच संपल्या, माकडाच्या.

प्रश्न (चिंचवड) : १९५० च्या डार्लिंग्टनला सगळ्यात हळू गाडीने शर्यत जिंकली असं वाचलं. कसं शक्य आहे?

टायरमुळे. ४ सप्टेंबर १९५० ला साउथ कॅरोलायनात डार्लिंग्टनला पहिली ५०० मैलांची स्टॉक कार शर्यत झाली. ट्रॅक डांबरी, सव्वा मैलाचा, ४०० फेऱ्या, गाड्या ७५. (ट्रॅकचा आकार अंड्यासारखा आहे, कारण जमीन देणाऱ्याने आपलं माशांचं तळं हलवायला नकार दिला आणि ट्रॅक बांधणाऱ्या हॅरॉल्ड ब्रेसिंग्टनने एक टोक आवळून घेतलं.) मातीवर टायर घसरतो म्हणून थंड राहतो, डांबरावर तो पकडतो, तापतो आणि उन्हात रबराचे तुकडे उडतात. दमदार कॅडिलॅक-ओल्ड्समोबाइलवाले जोरात निघाले आणि दर थोड्या फेऱ्यांनी टायर बदलत बसले. काही पथकांचे टायर संपले तेव्हा मैदानात उभ्या प्रेक्षकांच्या गाड्यांचे उतरवून घेतले असं सांगतात.

जॉनी मँट्झने वेगळा हिशेब केला. ४३ व्या जागेवरून निघालेली हलकी प्लिमथ, सहा सिलिंडर, शंभराच्या आतली अश्वशक्ती, आणि कडक रबराचे टायर. हलकी गाडी, कडक रबर, बेताचा वेग: टायर तापायला कारणच उरलं नाही. साडेसहा तासांहून जास्त वेळ चाललेली ही शर्यत त्याने ताशी सरासरी १२१ किलोमीटरने, नऊ फेऱ्यांच्या फरकाने जिंकली. गंमत म्हणजे त्या प्लिमथच्या मालकांत वर आलेला वेस्टमोरलँड होता आणि खुद्द नॅसकारचा प्रमुख बिल फ्रान्सही होता. तेव्हा कोणी फारसं बोललं नाही. आज असं झालं तर काय होईल!

प्रश्न (सांगली, अभियांत्रिकीचा विद्यार्थी) : डेटोनाच्या नव्या ट्रॅकवर वळणांना दिलेला ३१ अंशांचा उतार नेमका किती कामाचा?

स्वतःच काढून पाहा. वळणाची त्रिज्या १००० फूट, म्हणजे ३०५ मीटर. घर्षण शून्य धरलं तर ज्या वेगाला गाडी उतारावर वरही जात नाही आणि खालीही येत नाही, त्याचा वर्ग = त्रिज्या × गुरुत्वत्वरण × उताराच्या कोनाची टॅन. ३०५ × ९.८१ × ०.६० म्हणजे साधारण १७९५, वर्गमूळ सेकंदाला ४२ मीटर, ताशी सुमारे १५३ किलोमीटर. याच्या वरचा वेग टायरच्या पकडीतून. १९५९ मध्ये गाड्या ताशी २२५ च्या आसपास जात होत्या, म्हणजे उतार अर्धंमुर्धं काम करतो आणि बाकीचं रबर करतं. या उतारासाठी लागलेली माती मैदानाच्या मधूनच खणली, तो खड्डा पाण्याने भरला आणि आज त्याला लेक लॉइड म्हणतात.

त्याआधी, १९३६ पासून १९५८ पर्यंत, इथली शर्यत समुद्रकिनाऱ्यावर होती. अर्धी फेरी डांबरी रस्त्यावर, अर्धी ओल्या वाळूवर, आणि वेळ भरती-ओहोटी पाहून ठरवायची. भरती लवकर आली की ट्रॅक अरुंद होत जायचा. वाळूची दोन वळणं काही फेऱ्यांत खचून खड्डे व्हायची. फुकट्या प्रेक्षकांनी टेकाडांतून येऊ नये म्हणून बिल फ्रान्सने ‘विषारी सापांपासून सावध’ अशा पाट्या लावल्या होत्या.

नव्या ट्रॅकवरची पहिली ५०० मैलांची शर्यत २२ फेब्रुवारी १९५९ ला झाली. ली पेटी आणि जॉनी बोशँप इतके बरोबरीने आले, शिवाय एक फेरी मागे असलेला जो वेदरली त्यांच्याच रांगेत, की आधी बोशँपला विजयी ठरवलं आणि फोटो व चित्रफिती तपासून ६१ तासांनी निकाल पेटीच्या बाजूने फिरवला. पुढच्याच वर्षी ज्युनियर जॉन्सनला कमी ताकदीची शेव्हरोले घेऊन सराव करताना कळलं की वेगवान गाडीच्या शेपटीला चिकटून गेलं तर पुढच्याने फाडलेल्या हवेत आपली गाडीही तेवढीच पळते. त्याने त्यावर १९६० ची शर्यत जिंकली. हा ज्युनियर १९५६ मध्ये बापाच्या भट्टीवर पकडला जाऊन ११ महिने तुरुंगात होता. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : त्या काळी दक्षिणेत वर्णभेद कडक होता. एकही काळा चालक नव्हता का?

होता. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा वेंडेल स्कॉट. टॅक्सी चालवायचा, गाड्या दुरुस्त करायचा, चोरटी दारूही वाहिलेली. १९५२ पासून शर्यतीत, १९६१ पासून वरच्या गटात, बहुधा दुसऱ्यांनी वापरलेल्या गाड्या घेऊन आणि मुलांनाच मदतनीस करून. १ डिसेंबर १९६३ ला फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर २०० फेऱ्यांची शर्यत होती. स्कॉट बक बेकरच्या दोन फेऱ्या पुढे होता, तरी विजयाचा झेंडा आणि चषक बेकरला दिला. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, ‘मोजणीत चूक झाली’ म्हणून विजय स्कॉटच्या नावावर लावला. बक्षिसाचे पैसे मिळाले, चषक नाही. स्कॉट १९९० मध्ये वारला. २०१५ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं आणि नॅसकारने घरच्यांना चषक दिला तो २०२१ मध्ये. मोजणीच्या चुका तेव्हा खरंच व्हायच्या, कारण फेऱ्या माणसं बसून कागदावर टिपायची. पण दोन फेऱ्यांची चूक, आणि ती नेमकी त्याच्याच बाबतीत, ही नुसती टिपणाऱ्याची डुलकी मानायला आम्ही तयार नाही.

प्रश्न (मुलाकडे शार्लटला आलेले एक निवृत्त आजी-आजोबा) : नातवाला नवीन ट्रॅक दाखवून झाला. जुनं काही उरलंय का, गाडीने जाऊन-येऊन एका दिवसात होईल असं?

शहरातच नॅसकारचं हॉल ऑफ फेम आहे, २०१० मध्ये उघडलेलं. तिथे ज्युनियर जॉन्सनने स्वतः जोडून दिलेली तांब्याची भट्टी आहे. काकवीच्या कढईसारखी नाही, उभी आणि टोपीवाली. नातवाला वाफेची वाट बोटाने दाखवा.

पण तुम्हाला जुनं हवंय तर दोन जागा. उत्तरेला विल्क्स परगण्यात नॉर्थ विल्क्सबरोचा ट्रॅक. १९४७ मध्ये सुरू झाला, १९९६ मध्ये बंद पडला, तण माजलं, आणि २०२३ मध्ये नॅसकारच्या वरच्या गटाच्या गाड्या तिथे पुन्हा धावल्या. एका अंगाला चढ आणि दुसऱ्या अंगाला उतार असा तिरपा आहे तो, कारण बांधताना जमीन सपाट करायला पैसे पुरले नव्हते. दुसरी जागा हिल्सबरोजवळ ऑकोनीची. १९४९ पासून १९६८ पर्यंत तिथे मातीच्या ट्रॅकवर शर्यती झाल्या. आता तिथे पाइनची झाडं उभी आहेत आणि जुन्या ट्रॅकवरूनच पायवाट जाते. वळणाचा उंचवटा पायाला कळतो, उतारावर उभे राहून खाली पाहिलं की झाडांमध्ये सिमेंटच्या पायऱ्या दिसतात, त्या प्रेक्षकांच्या. वाट सपाट आहे, आजींना जमेल. उन्हाळ्यात गेलात तर पूर्ण पायजमा आणि मोजे घाला. गवतात गोचिडी फार असतात, घरी आल्यावर नातवाच्या कानामागे आणि गुडघ्यांमागे तपासून घ्या.